पेढीचं दफ्तर कोणाच्या खिशात?

विरजी व्होरा हे नाव मराठी वाचकाला शिवाजी महाराजांच्या सुरतेवरच्या पहिल्या स्वारीमुळे ठाऊक असतं. जानेवारी १६६४ मध्ये त्याचा वाडा लुटला गेला, तेव्हा तो हिंदुस्थानातल्या सर्वांत धनाढ्य व्यापाऱ्यांत गणला जात होता. ईस्ट इंडिया कंपनी त्याच्याकडून कर्ज उचले, माल घेई, त्याच्याशी भांडे आणि पुन्हा त्याच्याच दारात जाई. एवढ्या मोठ्या सावकाराच्या स्वतःच्या वह्या मात्र इतिहासकारांच्या हाती लागलेल्या नाहीत. त्याच्याविषयी जे कळतं ते मुख्यतः इंग्रज आणि डच वखारींच्या कागदांतून. त्या कागदांत तो मिरी कोंडून भाव चढवणारा, सौद्यात चिवट माणूस दिसतो, म्हणजे त्याच्या देणेकऱ्यांना तो जसा दिसला तसा. सौदे कुठे फिसकटले, कुणी शब्द फिरवला, याबद्दल त्याचं म्हणणं काय होतं ते आता कळायला मार्ग नाही.

कंपनीच्या माणसांना लिहिण्याची हौस होती असं नाही, त्यांना लिहिण्याची सक्ती होती. सुरतेहून लंडनला पत्र जाऊन उत्तर यायला वर्षाहून अधिक काळ लागे. जहाजं बुडत, म्हणून एकाच पत्राच्या प्रती वेगवेगळ्या जहाजांतून रवाना होत आणि नक्कल वखारीत राही. १६६१ मध्ये राजापूरची वखार मराठ्यांनी लुटली, त्या नुकसानीचा तगादा इंग्रजांनी सोडला नाही. १६७४ मध्ये कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर आला, तेव्हाही राजापूरची भरपाई हा बोलण्यातला एक विषय होताच. मधल्या तेरा वर्षांत वखारीतली माणसं बदलली, काही वारली, काही मायदेशी परतली. मागणी दफ्तरात होती, म्हणून ती माणसांबरोबर गेली नाही.

आजच्या सुरतेत छोट्या धंद्यांच्या ईमेलची जी दशा दिसते, ती पाहताना मला व्होराच्या न सापडलेल्या वह्यांची आठवण येते. कापडाच्या, जरीच्या, भरतकामाच्या, लेसच्या, हिऱ्यांच्या हजारो पेढ्या या शहरात आहेत. त्यांतल्या कित्येक आपल्या खानदेशी माणसांच्या आहेत. तापीकाठच्या रेल्वेने जळगाव-धुळे-नंदुरबारहून येऊन उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा इथे वसलेल्या घरांतली दुसरी-तिसरी पिढी आता स्वतःच्या नावाने जीएसटीचं बिल फाडते. या पेढ्या मेहनतीत कुठे कमी पडत नाहीत. पण त्यांचं दफ्तर त्यांच्या हातात नाही. ईमेल नीट सांभाळणं म्हणजे वेळ वाचवणं असं सगळे सांगतात. माझ्या मते छोट्या धंद्यापुरता तो मुद्दा दुय्यम आहे. पेढीचा लेखी व्यवहार पेढीच्या मालकीचा राहतो की नाही, हा खरा मुद्दा आहे.

ईमेलवर जे उपदेश मिळतात ते जवळजवळ सगळे दुसऱ्याच माणसासाठी लिहिलेले असतात. मॅकिन्झीच्या २०१२ च्या अहवालात असा अंदाज होता की, बैठं बौद्धिक काम करणाऱ्या नोकरदारांचा कामाच्या आठवड्यातला २८ टक्के वेळ मेल वाचण्यात आणि लिहिण्यात जातो. त्यातूनच मग इनबॉक्स रिकामा कसा करावा, पाट्या कशा लावाव्यात, शॉर्टकट कोणते वापरावेत, याची पुस्तकं निघाली. ज्याच्याकडे दिवसाला दीडशे मेल येतात, त्याला याचा उपयोग असेल. रिंग रोडवरच्या साडीवाल्याचं दुखणं नेमकं उलटं आहे. त्याचा धंदा व्हॉट्सॲपवर चालतो. डिझाईनचा फोटो तिथे, भाव तिथे, व्हॉइस नोट तिथे, ‘ओके’ तिथे. ईमेलवर त्याला माणूस असा लिहीतच नाही. तिथे येतं जीएसटी खातं, आयकर खातं, बँक, विमा कंपनी, ऑनलाइन विक्रीचे पोर्टल, परदेशातलं एखादं गिऱ्हाईक आणि कधीतरी वकील. म्हणजे ज्याला मुदत असते असं सगळं ईमेलवर येतं, आणि जे रेंगाळलं तरी चालतं ते व्हॉट्सॲपवर. ज्या खिडकीपाशी मुदतीचे कागद येऊन पडतात, तिथेच बसायला कुणी नाही.

बाजारातला एखादा गाळा पाहा. पांढरी गादी, लोड, भिंतीशी साड्यांचे थर, कोपऱ्यात एक टेबल, त्यावर टॅली चालवणारा कॉम्प्युटर आणि त्यासमोर लिंबायतहून येणारा वीस-बावीस वर्षांचा ऑपरेटर. पेढीचा मेल त्यानेच कधीतरी उघडून दिलेला. पासवर्ड त्याला पाठ, ओटीपी त्याच्या मोबाइलवर जाणार. खात्याच्या नावात पेढीचं नाव, त्यापुढे दोन-चार आकडे. सकाळपासून तो बिलं काढतो, ई-वे बिल करतो, पार्सलची बिल्टी लावतो, दुपारी शेठ सांगतील तो फोटो पार्टीला धाडतो. मेल उघडायचा तो कुणी फोनवर ‘मेल केलाय, बघा’ असं म्हटलं तरच. दिवाळीला तो गावी जातो. सुट्टीनंतर दुसऱ्या मार्केटात दोन हजार जास्त मिळतात, म्हणून परत येत नाही. त्यात त्याचं काही चुकलं नाही. पण त्याच्याबरोबर पेढीचा पासवर्ड गेला, ओटीपीचा नंबर गेला आणि सहा वर्षांचा पत्रव्यवहारही गेला.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. जीमेलच्या फुकट खात्यात १५ जीबी जागा मिळते आणि १ जून २०२१ पासून गूगल फोटोजमधल्या चित्रांची जागाही त्यातच मोजली जाते. पेढीच्या मेलवरून मोबाइलचा बॅकअप चालू असेल, तर रोजच्या शेकडो साड्यांचे फोटो आणि व्हिडिओ निमूटपणे ती जागा खात राहतात. जागा भरली की बाहेरून आलेला मेल आत येत नाही, पाठवणाऱ्याकडे परत जातो. पाठवणारं जर स्वयंचलित यंत्र असेल, तर ते पुन्हा विचारायला येत नाही. शिवाय दोन वर्षं कुणी न उघडलेली वैयक्तिक खाती डिसेंबर २०२३ पासून गूगलने पुसायला सुरुवात केली आहे. वाळवीपासून वह्या जपायला आजोबा कपाटात कडुनिंबाचा पाला घालत, तेवढंही लक्ष आज या खात्याकडे कुणी देत नाही.

काहींचा मेल तर पेढीच्या नावाचाही नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. त्या महिन्यात सुरतेचा कापड बाजार विरोधात बंद होता, रस्त्यावर मोर्चे होते. पुढे नोंदणी करावीच लागली, तेव्हा ती घाईघाईत कर-सल्लागाराच्या कचेरीत झाली आणि मेलच्या रकान्यात अनेकांनी सल्लागाराचाच पत्ता टाकला. हे देशभर एवढं झालं की, मध्यस्थाच्या हाती गेलेला मेल आणि मोबाइल क्रमांक अधिकाऱ्यामार्फत बदलून घेण्याची रीतसर सोय जीएसटी यंत्रणेला करावी लागली. सल्लागार प्रामाणिक असतो, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच्याकडे दोनशे पेढ्या असतात. तुमची नोटीस त्याच्यासाठी दोनशेतली एक असते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहिलं पाहिजे, कारण धंदेवाल्यांच्या मनात एक भ्रम पक्का बसला आहे: मी मेल वाचलाच नाही, तर मला तो मिळालाच नाही. केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम १६९ नोटीस बजावण्याच्या ज्या रीती सांगतं, त्यांत नोंदणीच्या वेळी दिलेल्या मेलवर पाठवणं ही एक रीत आहे आणि पोर्टलवर ठेवणं ही दुसरी. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम १३ याहून स्पष्ट आहे. उभयतांत वेगळं काही ठरलं नसेल आणि पत्र घेण्यासाठी तुम्ही एखादा पत्ता नेमून दिला असेल, तर पत्र त्या पत्त्याच्या यंत्रणेत शिरलं की ते तुम्हाला मिळालं. तुम्ही उघडलं कधी, हे तिथे विचारलं जात नाही. विवरणपत्रात तफावत दिसली की येणाऱ्या एएसएमटी-१० या नोटिशीला उत्तर द्यायला साधारण ३० दिवस असतात. पुढे आदेश निघाला, तर अपिलाला ३ महिने, आणि पुरेसं कारण असल्यास वर १ महिना. ऑपरेटर श्रावणात सोडून गेला आणि शेठने मेल माघात उघडला, तर सगळ्या मुदती हातातून गेलेल्या असतात. मग बँकेचं खातं गोठवलं जातं तेव्हा पहिल्यांदा कळतं.

याच नियमाची दुसरी बाजू मात्र छोट्या माणसाच्या फायद्याची आहे आणि तिचा वापर होत नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं. आलेला मेल जसा तुम्हाला बांधतो, तसा पाठवलेला मेल समोरच्याला बांधतो. २००७ मध्ये ट्रायमेक्स आणि वेदान्त ॲल्युमिनियम या कंपन्यांत बॉक्साईटच्या जहाजांचा सौदा मेलवर झाला. सहीशिक्क्याचा करार अजून व्हायचा होता, तोवर एका बाजूने माघार घेतली. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, मेलवर प्रस्ताव आणि स्वीकृती झालेली असेल आणि मुख्य अटी ठरलेल्या असतील, तर करार झाला, कागद मागाहून व्हायचा राहिला म्हणून तो मोडत नाही. एवढ्या मोठ्या कंपन्यांना जो आधार मिळाला, तोच पांडेसऱ्यातल्या भरतकामवाल्यालाही मिळू शकतो. त्यासाठी त्याने मेल लिहिलेला असला पाहिजे.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या थकबाकीचं उदाहरण घ्या. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे अशा उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. सोळा-सतरा वर्षं हा कायदा बाजारात कुणी फारसा मनावर घेतला नाही. मग २०२३ च्या वित्त कायद्याने आयकराच्या कलम ४३बी मध्ये ‘एच’ हे उपकलम घातलं. मुदतीत पैसे न दिल्यास ती रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरता येणार नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षी धरायची. मार्च २०२४ जवळ आला तशी सुरतेच्या बाजारात त्यावरून मोठी खळबळ माजली.

एमएसएमईडी कायद्यातला एक बारकावा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. मालाबद्दल हरकत असेल तर खरेदीदाराने ती माल पोचल्यापासून १५ दिवसांच्या आत लेखी कळवायची असते. तशी हरकत आली नाही, तर माल पोचला तो दिवस स्वीकृतीचा धरला जातो. सुरतेच्या कापड धंद्याला सर्वांत मोठं ग्रहण माल परत येण्याचं आहे. ‘जीआर’ म्हणजे गुड्स रिटर्न. तीन-चार महिन्यांनी गाठोडं परत येतं, कधी घडी मोडलेली, कधी डाग पडलेला, कधी सीझन उलटलेला, आणि फोनवर ऐकायला मिळतं, ‘मी तर तेव्हाच बोललो होतो.’ बोलला असेलही. पण बोलण्याला तारीख नसते. माल रवाना झाला त्या दिवशी दोन ओळींचा मेल गेलेला असेल, ‘बिल क्र. २१४, १२ पार्सल, बिल्टी सोबत जोडली आहे, माल पाहून काही हरकत असल्यास १५ दिवसांत या पत्त्यावर लिहून कळवावं’, तर पुढचं भांडण वेगळ्या जमिनीवर होतं. एक मर्यादा इथे सांगितली पाहिजे. थकबाकीचं हे संरक्षण कारखानदाराला आणि सेवा देणाऱ्याला आहे. २०२१ मध्ये घाऊक-किरकोळ व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली ती बँकेच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरती. म्हणजे यंत्रमागवाला, भरतकाम आणि जॉबवर्क करणारा यांना ते लागू पडतं, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याला नाही.

पण नुसत्या व्यापाऱ्यालाही एका ओळीच्या मेलचा आधार आहे. उधारी वसूल करायच्या दाव्याला ३ वर्षांची मुदत असते. ती संपण्याआधी देणेकऱ्याने कर्ज लेखी कबूल केलं, तर मुदतीचा कायदा कलम १८ खाली तिथून नव्याने ३ वर्षं देतो. मेलवरची कबुली यात धरता येते, असा निर्णय कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला आहे. म्हणजे वर्षअखेरीस पार्टीला खात्याचा उतारा मेलने पाठवावा, ‘बाकी बरोबर आहे ना, कळवावं’ एवढं विचारावं, आणि समोरून ‘हो, पुढच्या महिन्यात देतो’ आलं की ते जिवापाड जपावं. उतारा पाठवणं आपल्या मुनीमांना नवीन नाही. पूर्वी तो पोस्टाने जायचा. आता पाठवणं सोपं झालं, आणि पाठवायचंच राहून जातं.

व्हॉट्सॲपवर हे सगळं होत नाही का? होतं, कायद्यापुढे तोही इलेक्ट्रॉनिक दस्तच आहे. पण तो कुणाच्या फोनमध्ये आहे हा प्रश्न उरतो. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा खटला आपल्या जालन्याचा, विधानसभेच्या निवडणुकीवरून झालेला. त्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की, मूळ उपकरणच कोर्टात आणलं नसेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र द्यावंच लागतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही ही अट कायम आहे. नोकरी सोडून गेलेल्या सेल्समनच्या हरवलेल्या मोबाइलमधल्या संभाषणासाठी हे प्रमाणपत्र आणायचं कुठून? पेढीच्या स्वतःच्या मेलखात्यातल्या पत्रासाठी ते पेढी तयार करून घेऊ शकते. आणि स्क्रीनशॉट कुठून काढला, मधलं काय गाळलं, हा वाद उभा करायला वकिलाला पाच मिनिटं पुरतात.

सुरतेतले जुने व्यापारी यावर जे म्हणतात ते मी हलक्यात घेत नाही. ते म्हणतात, इथला धंदा जबानीवर उभा आहे; पार्टीला मेल धाडायला लागलो तर तिला वाटेल माझा विश्वास उडाला. महिधरपुऱ्याच्या हिरा बाजारात लाखोंचा माल कागदाच्या पुडीत एका हातातून दुसऱ्या हातात जातो, हे खरंच आहे आणि अभिमानाचं आहे. पण तिथेही जांगडावर, म्हणजे पसंतीवर, माल देताना चिठ्ठी होते. वजन, नग, भाव, तारीख, घेणाऱ्याची सही. चिठ्ठी मागितली म्हणून कुणी रुसत नाही, कारण ती सगळ्यांकडूनच मागितली जाते. या शहरातला विश्वास नेहमी एका लहानशा लेखी चिठ्ठीवर उभा राहिला आहे. मेल ही तशीच चिठ्ठी व्हावी, एवढंच म्हणणं आहे. एकट्या बुडव्या पार्टीलाच मेल केला तर तो अविश्वास ठरेल. प्रत्येक सौद्यानंतर, सख्ख्या मेव्हण्यालाही केला, तर ती पेढीची रीत होते.

मग हे करायचं कसं? मला वाटतं, सुरुवात पत्त्यापासून व्हावी. पेढीच्या नावाचं डोमेन घेऊन त्यावर मेल ठेवायला वर्षाकाठी जो खर्च येतो, तो एका परत आलेल्या पार्सलच्या नुकसानीपेक्षा कमी असतो. पत्ते माणसांच्या नावाने नसावेत, कामाच्या नावाने असावेत: हिशोब, विक्री, सरकारी. माणूस गेला तरी पत्ता राहतो. ओटीपीचा मोबाइल क्रमांक पेढीचा, तो फोन गल्ल्यात. डोमेन घेतल्यावर ते बसवणाऱ्याकडून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी करून घ्याव्यात. या नसल्या तर तुमचं बिल समोरच्याच्या स्पॅममध्ये पडण्याचा संभव वाढतो, आणि तुमच्या नावाने दुसऱ्या कुणी मेल पाठवणं सोपं होतं.

उघडायचं कुणी आणि कधी, हे ठरवणं त्याहून महत्त्वाचं. आपल्याकडे सरकारी कचेरीत बारनिशी असते. आलेलं टपाल आधी तिथे नोंदलं जातं, मग ज्याचं त्याच्याकडे जातं. टेबलावर कितीही ढिलाई असो, कागद कधी आला याची नोंद बारनिशीत सापडते. छोट्या पेढीत हे काम रोज अर्ध्या तासाचं आहे. सकाळी दुकान उघडल्यावर एकदा आणि संध्याकाळी पार्सल निघाल्यावर एकदा, ठरलेल्या माणसाने मेल उघडावा, मुदतीचं जे असेल ते तारखेसह एका वहीत लिहावं आणि मालकाला दाखवावं. मालकाने स्वतः दिवसभर फोनवर मेल चाळत बसू नये. कुश्लेव आणि डन या मानसशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये १२४ जणांवर केलेल्या प्रयोगात, दिवसातून तीनदाच मेल पाहणाऱ्या आठवड्यात लोकांवरचा ताण कमी आढळला. आपल्या मालकांचं वेगळंच होतं. ते दिवसा मुळीच पाहत नाहीत आणि रात्री अकराला अंथरुणात पडल्या पडल्या सगळं एकदम उघडतात. नोटीस वाचून झोप उडते, उत्तर तेव्हा लिहिता येत नाही, आणि सकाळी ती ‘वाचलेल्या’ मेलांत जाऊन बसते. वाचलेला पण न हाताळलेला मेल न वाचलेल्या मेलाहून घातक, कारण तो ठळक अक्षरांत दिसायचा थांबलेला असतो.

उत्तराबद्दल फार विद्वत्ता लागत नाही. विषयाच्या ओळीत बिलाचा क्रमांक आणि गावाचं नाव असलं की तीन वर्षांनीही पत्र सापडतं. ‘हाय’ किंवा ‘अर्जंट’ असा विषय असेल तर ते तिसऱ्या दिवशीही सापडत नाही. एका पत्रात एकच गोष्ट. उत्तर तयार नसेल तर ‘पत्र मिळालं, शुक्रवारी कळवतो’ असं त्याच दिवशी लिहावं. सगळ्यांत मोलाची सवय फोन ठेवल्यानंतरची आहे. पार्टीशी दहा मिनिटं बोलणं झालं, भाव ठरला, सूट ठरली, की लगेच मेल जावा: ‘आताच फोनवर ठरल्याप्रमाणे ६०० नग, भाव अमुक, पैसे ३० दिवसांत. काही चुकलं असल्यास आज कळवावं.’ नातं फोनवर जपावं, अटी मेलवर ठेवाव्यात. जुने मेल पुसू नयेत. जीएसटीचं दफ्तर वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावंच लागतं, मग त्याला जोडलेला पत्रव्यवहार आधी का पुसायचा?

पैशांच्या बाबतीत मात्र मेलवर एकट्यावर कधीच विसंबू नये. ‘आमचं बँक खातं बदललं आहे, यापुढे या खात्यात पैसे भरावेत’ असा मेल येतो, खाली नेहमीचीच सही, नेहमीचाच लोगो, पत्त्यात फक्त एक अक्षर इकडचं तिकडे. परदेशी व्यवहार करणाऱ्यांना या फसवणुकीचा सर्वाधिक धोका, कारण तिथे सगळं बोलणं मेलवरच चालतं. कित्येकदा चोर एका बाजूचं मेलखातं उघडून आठवडाभर पत्रव्यवहार वाचतो आणि बिल जायच्या वेळी मध्ये शिरतो. यावर एकच नियम पुरेसा आहे: खातं बदलल्याचा मेल आला की जुन्या, आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून विचारायचं, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. तरी पैसे गेलेच, तर त्याच तासाला १९३० वर फोन आणि बँकेला कळवणं. दुसऱ्या दिवशीपर्यंत रक्कम दहा खात्यांत फुटलेली असते.

राहिला भाषेचा अडसर, आणि माझ्या मते लिंबायत-उधन्यातल्या पेढ्यांत तोच सर्वांत खरा आहे. मेल म्हटलं की इंग्रजी, इंग्रजी म्हटलं की चूक होण्याची भीती, म्हणून लिहिणंच नको. सुरत महापालिका आजही मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा चालवते. त्या शाळांतून शिकलेली मुलं टॅलीवर भराभर हात चालवतात, पण मेल लिहायचा म्हटला की दुसऱ्याचा जुना मेल उघडून त्यातली नावं बदलतात. माहिती तंत्रज्ञान कायदा मेल कोणत्या भाषेत असावा हे कुठेच सांगत नाही. मालेगावच्या पार्टीला मराठीत, वराछाच्या पार्टीला गुजरातीत लिहिलेला सौदा तितकाच पक्का. मोबाइलवर मराठीत बोललं तरी टाइप होतं. ज्या भाषेत भाव ठरला, त्या भाषेत तो लिहावा. नागपूरच्या आडतियाला ‘सहा साड्यांना डाग आहेत, फोटो जोडले आहेत’ हे मोडक्या इंग्रजीत कळवण्यात काय मिळतं?

सरकारची जबाबदारी इथेच सुरू होते. पत्र यंत्रणेत शिरलं की मिळालं असं धरायचं असेल, तर ते मिळणाऱ्याला वाचता येईल अशा भाषेत असलं पाहिजे. कलमांची जंत्री असलेली, पूर्ण इंग्रजीतली नोटीस पाचवीपर्यंत मराठीत शिकलेल्या लेसवाल्याला पाठवायची आणि तीस दिवस मोजायला लागायचे, यात न्याय नाही. नोटिशीच्या माथ्यावर निदान चार ओळी त्याच्या भाषेत असाव्यात: हे काय आहे, किती दिवसांत उत्तर हवं, कुठे द्यायचं, न दिल्यास काय होईल. नोंदणीच्या वेळी भाषेचा एक रकाना ठेवला तर यंत्राला हे अवघड नाही. कापड व्यापाऱ्यांची संघटना फोस्टा आणि दक्षिण गुजरात चेंबर ऑफ कॉमर्स या संस्था कराच्या दरांसाठी दिल्लीला निवेदनं देतात, तसं हे मागणंही त्यांनी लावून धरावं. आणि दिल्लीचं उत्तर येईपर्यंत मार्केटा-मार्केटांत ऑपरेटर मुलांसाठी आठ दिवसांचा वर्ग काढावा: मेलचा पत्ता पेढीच्या नावावर कसा करायचा, मुदतीची नोंद कशी ठेवायची, हरकतीचं उत्तर मराठी-गुजरातीत कसं लिहायचं. शिकलेला ऑपरेटर उद्या दुसऱ्या मार्केटात गेला, तर ती रीत त्या मार्केटातही पोचेल, आणि आधीच्या पेढीचं दफ्तर तिच्याच कपाटात राहील.